मदत हवी आहे: एलईडीखाली फोटोत पट्टे, पहिल्या सशुल्क कामाआधी उपाय हवा

छंद म्हणून सुरू केलेली फोटोग्राफी आता व्यवसाय म्हणून करायची आहे. हॉलमधल्या कार्यक्रमांचं काम घेण्याआधी एक अडचण सोडवायला हवी.

सेटिंग: 50 मिमी लेन्स, अपर्चर एफ/2.2, शटर 1/500 सेकंद, आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) 3200, इलेक्ट्रॉनिक शटर (पडदा न हलवता). एलईडी दिव्यांखाली आडवे गडद-फिकट पट्टे येतात. एकाच चेहऱ्यावर कपाळ उजळ आणि हनुवटी पिवळट काळी. कारण माहीत आहे: 50 हर्ट्झ विजेवर साधे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात आणि सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. रॉ फाइलमध्येही (सेन्सरच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) हे नीट पुसलं जात नाही.

मेकॅनिकल (पडद्याचं) शटर आणि 1/100 ठेवलं की पट्टे जवळजवळ जातात, पण टाळ्या वाजवणारे हात धूसर येतात. अँटी-फ्लिकर (दिव्याच्या उजळ क्षणी फोटो घेणारी कॅमेऱ्यातली सोय) लावलं तर बर्स्ट, म्हणजे सलग फोटोंचा वेग, मंदावतो. डिम केलेल्या रंगीत स्टेज दिव्यांची लुकलुक तर वेगळ्याच फ्रिक्वेन्सीची असते, तिथे 1/100 चा भरवसा नाही.

नियमित कार्यक्रम करणाऱ्यांनी कृपया सांगा: तुम्ही शटर किती ठेवता? छत उंच किंवा रंगीत असेल तर बाउन्स फ्लॅश (छतावर आपटून परावर्तित केलेला फ्लॅश) कितपत चालतो? आणि पहिला खर्च फ्लॅशवर करावा की दुसऱ्या कॅमेरा बॉडीवर? ऐन कार्यक्रमात बॉडी बंद पडली तर तो क्षण पुन्हा मिळत नाही, त्याचीच जास्त धास्ती आहे.