मेल फिल्टरमुळे प्रोग्रॅम बंद पडला की नियमांची फाइल उडवायला सांगणं थांबवा

खटपट्या
मेल फिल्टर म्हणजे आलेली मेल आपोआप ठरलेल्या फोल्डरात टाकणारे नियम. नवी मेल आली की त्यांच्यामुळे मेल प्रोग्रॅम धाडकन बंद पडतो, अशी तक्रार आली रे आली की उत्तर ठरलेलं: फिल्टरची फाइल डिलीट करा आणि नव्याने सुरुवात करा. मला हा सल्ला घातक वाटतो. थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमचं उदाहरण घेऊ, कारण त्याचे नियम साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता येतात. प्रत्येक खात्याच्या फोल्डरात एमएसजीफिल्टररूल्स.डॅट नावाची फाइल असते. नियमाचं नाव, तो चालू आहे की बंद, अट काय, मेल कुठे हलवायची, सगळं ओळीओळीने लिहिलेलं असतं. ती उडवली की वर्षानुवर्षं बसवलेली घडी जाते आणि पुरावाही जातो. तोच नियम पुन्हा बनवला की तोच क्रॅश पुन्हा हजर.

त्यापेक्षा फिल्टरच्या खिडकीत अर्ध्या नियमांपुढची टिक काढा, म्हणजे ते बंद होतील. क्रॅश थांबला तर गडबड बंद केलेल्या अर्ध्यात, नाहीतर उरलेल्या अर्ध्यात. मग त्यातले अर्धे. 40 नियम असले तरी 6 फेऱ्यांत एका नियमापर्यंत पोचता येतं. नव्या मेलची वाट बघायचीही गरज नाही. संशयित मेल एका वेगळ्या फोल्डरात कॉपी करायच्या आणि टूल्समधून त्या फोल्डरवर फिल्टर चालवायचे.

तळमजला
पटलं नाही. विचारणाऱ्याला आत्ता मेल वाचायची असते, त्याला तपास करायचा नसतो. आणि प्रोग्रॅम उघडताच मेल उतरायला लागून तो पडत असेल, तर माणूस त्या टिकपर्यंत पोचणार कसा? फाइल काढली की दोन मिनिटांत काम सुरू. नियम काय, पुन्हा लिहिता येतात.

खटपट्या
नेट तोडून प्रोग्रॅम उघडा, फिल्टरची खिडकी शांतपणे उघडते. "फाइल डिलीट करा" हे वाक्य घाबरलेल्या माणसाच्या हातात देणं मला जास्त धोक्याचं वाटतं. त्याच भागात एक्स्टेन्शन नसलेली 'इनबॉक्स' नावाची फाइल असते आणि शेजारी त्याच नावाची .एमएसएफ. दुसरी फक्त सूची आहे, काढली तरी पुन्हा तयार होते. पहिल्या फाइलीत प्रत्यक्ष मेल असतात. पॉप खातं (मेल सर्व्हरवरून उतरवून आपल्या मशीनवर ठेवणारं) असेल आणि सर्व्हरवर प्रत ठेवलेली नसेल, तर ती गेली म्हणजे पत्रव्यवहार गेला.

आडवळण
दोघंही नियमालाच दोषी धरून चाललात, माझा आक्षेप तिथे आहे. अर्धे-अर्धे करत गेलात आणि एक नियम हाती लागला, तरी त्यावरून एवढंच कळतं की त्या वाटेवर काहीतरी बिघडलंय. मेल ज्या फोल्डरात जाते त्याची सूचीच खराब असेल, तर नियम अगदी बरोबर असूनही प्रोग्रॅम पडू शकतो. आधी त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'रिपेअर फोल्डर' करा. मग तोच नियम एखाद्या नव्या, रिकाम्या फोल्डरकडे वळवून बघा. तिथे सुरळीत चालला तर नियमाचा काही संबंध नाही.

एकाच मेलवर दोन नियम झडप घालतात, हेही नेहमी राहून जातं. एक म्हणतो इकडे हलव, दुसरा म्हणतो तिकडे. असे नियम एकेकटे तपासले तर दोन्ही निर्दोष ठरतात, म्हणून तुमची अर्धे-अर्धे पद्धत इथे चकते. पहिल्या नियमाच्या शेवटी 'फिल्टर थांबवा' ही कृती जोडून बघा. फिल्टर लॉग (कोणता नियम कोणत्या मेलवर चालला याची नोंद) चालू ठेवा, पण लॉगमध्ये नोंद दिसली म्हणजे काम पुरं झालं असं धरू नका. शेवटची नोंद आणि तिच्या पुढचा नियम, दोन्ही संशयित.

अँटिव्हायरस मेलच्या फाइली तपासायला धरून बसतो, तेही वगळून पाहा. प्रोग्रॅम पडल्यावर तयार होणाऱ्या क्रॅश रिपोर्टमध्ये वरच्या ओळींत भलत्याच सॉफ्टवेअरचं नाव असेल, तर नियमांना हात लावायचं कारणच नाही.

उंबरठा
मुळात नियम तुमच्या मशीनवर हवेतच कशाला? 'सीव्ह' ही सर्व्हरवर चालणारी फिल्टरची भाषा आहे, 2008 सालच्या आरएफसी 5228 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात तिचं प्रमाण ठरलेलं आहे. सर्व्हरवर वर्गवारी झाली की मशीन बंद असलं तरी मेल जागच्या जागी पोचते, आणि क्रॅश व्हायला तुमच्याकडे फिल्टरच उरत नाही.

खटपट्या
उंबरठा, सेवा देणाऱ्याने सीव्ह चालू ठेवलं असेल तरच ना. आणि ज्याला मेल स्वतःच्या मशीनवरच्या लोकल फोल्डरात हलवायच्या आहेत, त्याच्यासाठी सर्व्हर काहीच करू शकत नाही, तिथवर त्याचा हात पोचत नाही.

आडवळण यांचा दोन नियमांचा मुद्दा मला मान्य आहे. तरीही माझं म्हणणं कायम: नियम कितीही वेडावाकडा लिहिला असला तरी प्रोग्रॅमने तो नाकारावा, पडू नये. तो पडतो म्हणजे प्रोग्रॅममध्ये बग आहे, आणि बग दुरुस्त व्हायचा तर कुणीतरी तो नियम जसाच्या तसा कळवायला हवा. सगळ्यांनीच फाइल उडवली तर कळवणार कोण?

तळमजला
बग कळवण्याची जबाबदारी रोज मेलवर पोट असणाऱ्यावर टाकू नका, हे मी पुन्हा सांगतो. माझा सल्ला तोच राहील, फक्त "डिलीट करा" ऐवजी "प्रोग्रॅम बंद करून फाइलचं नाव बदला" असं लिहीन. नवी फाइल आपोआप बनते, जुनी हाताशी राहते. ज्याला पुढे तपास करायचा त्याने करावा.

खटपट्या
एवढं झालं तरी पुष्कळ. त्यात एक ओळ वाढवा: जुनी फाइल कुणाला पाठवण्याआधी तिच्यातले ईमेल पत्ते बदलून टाका, अटींमध्ये आपल्या ओळखीच्या माणसांचे पत्ते उघडे असतात.