लोहावर चालणारे श्वसन

ऑक्सिजन नसला की जिवाणूंना केवळ किण्वनावर (ऑक्सिजनशिवाय अन्न अर्धवट मोडून ऊर्जा मिळवण्यावर) भागवावे लागते, हे विधान अपुरे वाटते. श्वसनाला इलेक्ट्रॉन स्वीकारणारा कोणीतरी लागतो, आणि नदीतळाच्या गाळात ते काम फेरिक लोह (तीन धनप्रभार असलेले, गंजातले लोह) करू शकते. अमेरिकेतील पोटोमॅक नदीच्या गाळातून सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डेरेक लव्हली यांनी १९८०च्या दशकात वेगळा केलेला जिओबॅक्टर हा जिवाणू अ‍ॅसिटेटचे (व्हिनेगरमधील आम्लाच्या आयनाचे) कार्बन डायऑक्साइडपर्यंत ऑक्सिडीकरण करतो. अ‍ॅसिटेटच्या एका रेणूमागे ८ इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणजे ८ फेरिक आयनांचे, प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन घेऊन, फेरस (दोन धनप्रभाराचे लोह) होते. (एवढ्याशा अन्नापायी केवढे लोह खर्ची पडते!)

खरी अडचण पुढेच आहे. लोहाचे ऑक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते पेशीत ओढून घेण्याऐवजी हा जिवाणू बाह्यपटलातील सायटोक्रोम या इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या प्रथिनांमार्फत इलेक्ट्रॉनच बाहेर पोहोचवतो, तर शेवानेला हा दुसरा जिवाणू त्यासाठी फ्लेव्हिन या इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या पदार्थाचे रेणूही स्रवतो. असे जिवाणू वाढवलेल्या बंद बाटलीतला लोह ऑक्साइडचा गंजासारखा तांबूस साका दिवसेंदिवस काळा पडतो आणि चुंबकाकडे ओढला जातो, कारण त्याचे मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोह ऑक्साइड झालेले असते.

बंगालच्या भूजलातील आर्सेनिकचे एक प्रमुख कारणही हेच मानले जाते: लोहाचे ऑक्साइड क्षपित होऊन (म्हणजे इलेक्ट्रॉन घेऊन) विरघळले की त्याला चिकटलेले आर्सेनिक पाण्यात मोकळे होते.