घरच्या पीसीचं झाकण कधी उघडलंय का?

परवा पाऊस लागला आणि आमच्या पीसीने ठरल्याप्रमाणे संप पुकारला. पंखे फिरतायत, स्क्रीन काळी, आतून नुसतं पिप-पिप-पिप. पूर्वी मी लगेच दुरुस्तीवाल्याला फोन लावायचे. आता झाकण काढते, रॅमची (तात्पुरत्या मेमरीची) पट्टी उपसते आणि लेकाच्या कंपासपेटीतलं खोडरबर तिच्या सोनेरी दातांवर फिरवते. काळपट भुकटी निघते. ती फुंकायची नाही (थुंकी उडते), ब्रशने झाडायची. मग पट्टी दोन्ही टोकांना 'टक्' वाजेपर्यंत दाबायची. झाला सुरू! मोबाइल बिघडला की हे सुख नाही. तो थेट दुकानातच न्यावा लागतो. तुम्ही तुमच्या पीसीत कधी हात घातलात का? काय जमलं, काय फसलं, सगळं लिहा, वर पुण्यातल्या आपापल्या भागाचं नाव टाकून.

सदाशिव पेठ

हात घालणं सोडा, आमच्याकडे त्याला नुसता हात लावायलाही परवानगी लागायची. १९९८ साली बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून तपकीर गल्लीतल्या दुकानातून पीसी जोडून आणला. ३२ एमबी रॅम, ४ जीबीची हार्ड डिस्क, आणि 'एवढी जागा भरणार कशाने?' ही घरभर चिंता. आईने मॉनिटरला क्रोशाचं कव्हर विणलं. खंडेनवमीला सीपीयूवर झेंडू. एका वर्षी पाकळी पंख्यात गेली आणि सायकलच्या चाकाला पुठ्ठा लावल्यासारखा दिवसभर फर्रर्र आवाज.

पण २६ एप्रिल १९९९ काही विसरत नाही. सीआयएच नावाचा व्हायरस त्या तारखेला जागा व्हायचा, हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा आणि जमलं तर बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) चिपवरही कचरा लिहून ठेवायचा. दादाने आदल्या रात्रीच पीसीच्या घड्याळात २७ तारीख टाकली. व्हायरस फसला, आम्ही वाचलो. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "असल्या अफवांवर मी विश्वास ठेवत नाही." त्यांचा मदरबोर्ड बदलावा लागला.

सिंहगड रस्ता

माझं दुखणं मराठीचं. मी घरून डीटीपी (संगणकावर छपाईची पानं जुळवणं) करायचे. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, दोन-तीन दिवाळी अंक, सगळं श्रीलिपीत. मराठी टायपिंगचं हे सॉफ्टवेअरही पुण्यातलंच. त्याच काळात सासूबाईंनी सांगितलेले दोनेकशे पदार्थ टाइप करून ठेवले. पुढे त्या गेल्या, मशीनही बदललं. एकदा अळूच्या फदफद्यासाठी ती फाइल उघडली, तर पानभर डॉलर, कंस आणि इंग्रजी अक्षरांची भेळ.

जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर मराठी नीट दिसणाऱ्या पद्धतीत) बदलणारं एक कन्व्हर्टर मिळालं, पण ते पहिल्या वेलांटीला आणि रफाराला अडखळत होतं, कारण जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. त्यामुळे मिरची, चिंच, हिंग, सगळा मसालाच बिघडला! सात महिने रोज दुपारी पाच-सहा पानं हाताने सुधारली. जिथे काहीच कळेना तिथे नणंदेला फोन. 'मीठ अंदाजे' मात्र सगळीकडे शाबूत होतं.

धनकवडी

गुरुवार. बास, एवढं पुरे ना? दर गुरुवारी देखभालीसाठी वीज जायची, यूपीएस (वीज गेल्यावर पीसी चालू ठेवणारी बॅटरीची पेटी) कोकलायचा, आणि मी प्रोजेक्ट सेव्ह करायचा सोडून शीर्षकाला रंग देत बसलेला. 'वीस मिनिटं बॅकअप' हे बॅटरीच्या तरुणपणाचं वर्णन असतं. तीन वर्षांनी ती एक किंकाळी फोडून मान टाकते.

हडपसर

आमचा पीसी सातव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा, २०१७ चा. चांगला चालत होता, पण विंडोज ११ च्या पात्रतेच्या यादीत बसत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार (मायक्रोसॉफ्टची नेहमीची अपडेट्स) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदार म्हणाला, "साहेब, आता नवाच घ्या." मी हट्टाने जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (तिच्याहून वेगवान साठवण) बसवली आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकली. आता पूर्वीपेक्षा चटकन उघडतो. प्रिंटर मात्र अजून रुसलेलाच आहे. बायको म्हणते, चार रविवार गेले. गेले खरे.

कोथरूड

सिंहगड रस्ता ताई, फदफद्याची कृती टाकाच, युनिकोडमध्ये. आणि सदाशिव पेठ, त्या वरच्या काकांचं पुढे काय झालं?

सदाशिव पेठ

काका आता ८१ वर्षांचे आहेत. दर २६ एप्रिलला सकाळी फोन येतो, "आज मशीन चालू केलं नाहीस ना रे?"