बारावीनंतर बी.ए. करावे का? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-५०२ : सर्वांना नमस्कार. आमची मुलगी विज्ञान शाखेतून बारावी झाली. सीईटीचे गुणही बरे आहेत, पण ती आता अभियांत्रिकी नको, बी.ए. करते म्हणते. अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि इतिहास असे तीन विषय तिच्या डोक्यात घोळत आहेत, आणि घरात दोन तट पडले आहेत. कला शाखेच्या पदवीला आज काही किंमत उरली आहे का, हे जाणकारांनी कृपया मोकळेपणाने सांगावे.

सी-१०३ : साहेब, स्पष्ट लिहितो, राग मानू नये. मी नोकरभरतीचे काम पाहतो. बी.ए. झालेल्या उमेदवाराला नेमके काय येते हे त्याच्या पदवीवरून कळत नाही. अभियंत्याचेही कळतेच असे नाही म्हणा, पण त्याला निदान कॅम्पसमध्ये मुलाखतीची संधी मिळते. मध्यमवर्गीय घराने ही जोखीम का पत्करावी?

डी-२०१ : वकिली मनात असेल तर एवढेच पाहा, की बारावीनंतरचा विधी अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे आणि बी.ए. करून तीन वर्षांच्या एलएल.बी.ला गेल्यास सहा वर्षे लागतात. ते जास्तीचे वर्ष वाया जातेच असे नाही, मात्र ते समजून उमजून द्यावे.

बी-३०४ : मी महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे माझे मत एकांगी वाटेल, तरीही लिहिते. नुसती बी.ए.ची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांचे हाल मी पाहिले आहेत. मात्र त्याचे खापर विषयांवर फोडता येत नाही. अनुदानित महाविद्यालयात बी.ए.ची फी अभियांत्रिकीच्या मानाने नाममात्र असते आणि तास बहुधा दुपारपर्यंत संपतात. म्हणजे तीन वर्षे रोजचा अर्धा दिवस विद्यार्थ्याच्या हातात मोकळा राहतो. माझ्या मते या पदवीचे खरे भांडवल तेच आहे, आणि बहुतेक मुले तेच उधळतात.

इतिहासाचेच उदाहरण घ्या. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे मोडी लिपीतले कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, पण ते सराईतपणे वाचणारी माणसे फार थोडी. 2023 मध्ये मराठा-कुणबी प्रमाणपत्रांसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीमुळे जिल्ह्याजिल्ह्यांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुनी दफ्तरे वाचायला मोडी जाणकारांची शोधाशोध करावी लागली. जुन्या जमिनीच्या वादांतही असे कागद निघतात. पदवीच्या काळात दुपारी बसून मोडी गिरवणाऱ्या मुलाला निदान एक काम असे येते, जे वर्गातल्या इतरांना येत नाही.

मानसशास्त्राबाबत मात्र सावध राहा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला पुढचा अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी लागते, केवळ नेहमीच्या बी.ए. किंवा एम.ए.वर ती होत नाही. तिथल्या जागा मोजक्या असतात, हे प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही.

अर्थशास्त्र घ्यायचे असेल तर तिने गणित सोडू नये. पुढे गोखले इन्स्टिट्यूट किंवा दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारख्या ठिकाणी पदव्युत्तर पदवी घ्यायची तर गणित आणि संख्याशास्त्रावाचून निभाव लागत नाही, आणि बी.ए.ला बसलेली बरीच मुले तर गणितापासून सुटका व्हावी म्हणूनच कला शाखेत आलेली असतात. काही महाविद्यालयांत बी.ए.लाही गणित आणि संख्याशास्त्र घेता येते. विज्ञानातून येणारी मुलगी इथे इतरांच्या पुढे असेल.

ए-१०२ : काकू, स्पर्धा परीक्षेचे काय? माझे सगळे मित्र त्याच आशेवर बी.ए. करत आहेत.

बी-३०४ : बाळा, या परीक्षांना कोणत्याही शाखेची पदवी चालते, त्यामुळे तेवढ्यासाठी बी.ए. हवेच असे नाही. फायदा इतकाच, की यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत लेखी 1750 गुणांपैकी 500 वैकल्पिक विषयाचे असतात, राज्यसेवेचा नवा वर्णनात्मक आराखडाही त्याच धर्तीवर आहे, आणि तो विषय पदवीला मन लावून वाचलेला असला तर पुष्कळ मेहनत वाचते. मात्र सदाशिव पेठेच्या अभ्यासिकांत तिशी गाठलेली मुले बसलेली दिसतात, तीही पाहून ये.

सी-१०३ : मॅडम, आपले म्हणणे पुण्यातल्या नामांकित महाविद्यालयांना लागू पडते. माझ्या तालुक्याच्या गावी बी.ए.ला हजेरीपुरते नाव आणि परीक्षेपुरते गाईड एवढाच व्यवहार चालतो.

बी-३०४ : मान्य आहे, आणि पुण्यातही तसे वर्ग आहेत. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेली मुले तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या मानधनात शिकवतात, हे मी आतून पाहिले आहे. म्हणून महाविद्यालयाच्या नावापेक्षा त्या विभागात कायमचे शिक्षक किती, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते आणि तिसऱ्या वर्षाला त्या विषयाला मुले किती उरतात, हे ए-५०२ यांनी स्वतः जाऊन विचारावे. शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते, किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स घेता येते व त्यानंतर एम.ए. एका वर्षात होते. तो चौथ्या वर्षाचा वर्ग तिथे प्रत्यक्षात चालतो का, हेही विचारा.

ए-५०२ : मनापासून आभार, मॅडम. मुलीने हे सारे वाचले. अर्थशास्त्र आणि गणित एकत्र मिळत असेल तर इतिहास सोडायची तिची तयारी आहे, मात्र मोडी शिकायचे तिने आताच ठरवले आहे. तिच्या आईची समजूत अजून पटलेली नाही. सोमवारी आम्ही तिघे दोन महाविद्यालयांत जाऊन येतो. आपल्याला सवड असेल तर त्याआधी रविवारी संध्याकाळी ती आपल्याकडे येऊन बसेल.

बी-३०४ : अवश्य पाठवा. आईलाही सोबत येऊ द्या.