बाळंतिणीला पाणी मोजून का देतात? एप्रिलच्या उन्हात घसा कोरडा पडतोय

तासगावची लेक
पहिलं बाळंतपण, सिझेरियन. तासगावजवळ माहेरी आहे. बाळ अंगावर छान पितंय, वजनही वाढतंय, तक्रार माझीच आहे. आज्जी फुलपात्रात ओवा घालून उकळलेलं पाणी ठेवते. ते संपलं की मागायचं आणि मागितलं की "आत्ताच दिलं न्हवं?" पाण्यानं पोट सुटतं, टाके ओले राहतात, बाळाला सर्दी होते, हे ठरलेलं उत्तर. बाळानं ओढायला सुरुवात केली की माझी जीभ टाळूला चिकटते. वर पत्रा, कोपऱ्यात शेगडी. लघवी हळदीसारखी पिवळी, आणि संडासचं तर विचारूच नका. आई आज्जीसमोर बोलत नाही, पण आज्जी देवळात गेली की गुपचूप तांब्या आणून देते.
दवाखान्यात विचारलं तर "भरपूर पाणी प्या" म्हणून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. भरपूर म्हणजे किती? आणि आज्जीचं सगळंच खोटं का? सहा बाळंतपणं काढलीत तिनं, एकदम उडवून लावायला जीभ रेटत नाही.

मिरजेची सिस्टर
पोरी, तहान लागली की पी. माझी सगळी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली, तुझ्या आज्जीसारख्या आज्ज्या रोज भेटायच्या.
बाळ ओढायला लागलं की दूध सोडणारं ऑक्सिटोसिन अंगात सुटतं आणि त्याच वेळी तहान लागते. शरीरच मागतंय. आईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, आणि फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध ओढतं. ते कुठून यायचं? युरोपातल्या तज्ज्ञांचा आकडा पाजणाऱ्या बाईसाठी दिवसाला २.७ लिटर आहे, पण त्यात आमटी, पेज, दूध, चहा सगळं धरलंय. आपल्याकडं पत्र्याखाली घाम गाळणारीला त्याहून जास्त लागेल. मोजत बसू नकोस. लघवी फिकट झाली की पुरे झालं समज.
आता आज्जीचं. पोट सुटतं ते नऊ महिने ताणलेल्या स्नायूंमुळं, आणि गर्भपिशवी पूर्ववत व्हायला सहा आठवडे लागतात म्हणून. पाण्याचा संबंध नाही. प्यालेलं पाणी टाक्यात जात नाही. आई गार पाणी प्याली म्हणून दूध गार होत नाही आणि बाळाला सर्दीही होत नाही. पण उकळून देते ते शंभर टक्के बरोबर. आडाचं, ओढ्याचं पाणी पीत होते तेव्हा त्या उकळीनं किती बाळंतिणी वाचल्या असतील! ओवापाणी प्यायला हरकत नाही, फक्त फुलपात्राच्या जागी मोठा तांब्या ठेवायला सांग.
आणखी एक, जे बायका बोलत नाहीत. न्हाणी-संडास परसात, टाके ओढतात, लघवीला जळजळतं, म्हणून बाईच पाणी टाळते. मग लघवी दाट होते आणि जास्तच जळते. लघवीला बसलीस की वरून कोमट पाण्याची धार सोड, आग कमी होते. संडास कडक झाली की जोर लागतो, मूळव्याध तिथंच सुरू होते. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर आणखीच. त्या चहाबरोबर घेऊ नकोस, लोह अंगी लागत नाही.
मात्र डोकं ठणकतंय, डोळ्यापुढं अंधारी येतीय, तोंड-हात सुजलेत असं झालं तर पाण्याचा विचार करत बसू नका, त्याच दिवशी बीपी तपासा. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बीपी चढू शकतं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाण्याचं माप डॉक्टर सांगतील तेच.

पलूसचा बाबा
आमच्याकडं उलटा कारभार. पुण्याच्या मेव्हणीनं फोनवर सांगितलं, जेवढं पाणी तेवढं दूध. बायको बिचारी घड्याळ लावून तांब्यावर तांब्या रिचवतीय, रात्रभर न्हाणीत ये-जा. दूध होतं तेवढंच.

मिरजेची सिस्टर
थांबवा ते. तहानेपलीकडं पाणी रेटून दूध वाढत नाही, अतीच झालं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. दूध वाढतं बाळानं वरचेवर ओढल्यानं, रात्रीचंसुद्धा. बाळ दिवसाला सहा-सात वेळा मुतत असेल आणि वजन धरत असेल तर दूध पुरतंय. तुम्ही एवढंच करा, पाजायला बसली की भरलेली बाटली तिच्या हाताशी ठेवा. एका हातात बाळ घेऊन बाई पाण्याला उठत नाही.
आणि उन्हाळा आहे म्हणून बाळाला चमच्यानं पाणी, मध, गुटी काही नको. सहा महिने फक्त अंगावरचं. त्यातच त्याचं पाणी आलं.

आटपाडीच्या बाई
मी अजून गरोदर आहे, सातवा. शाळेत बायकांच्या बाथरूमला कडी नाही, म्हणून सकाळी निघताना पाणी पीतच नाही. येताना स्टँडवर बर्फ घातलेला उसाचा रस घेते, तेवढाच आधार.

मिरजेची सिस्टर
बाई, दोन्ही बंद करा. गरोदरपणात लघवी तुंबवली, पाणी तोडलं की इन्फेक्शन होतं आणि त्यातून अवेळी कळा सुरू होऊ शकतात. कडी हेडमास्तर लावत नसतील तर घरच्यांना घेऊन जाऊन ठोकून घ्या, अर्ज नंतर. रसाचं म्हणाल तर बर्फ कुठल्या पाण्याचा, कोण सांगणार? दूषित पाण्यातून हेपॅटायटिस ई नावाची कावीळ येते. इतरांना बहुतेक वेळा आपोआप बरी होते, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईच्या ती जिवावर उठते. उकळलेलं पाणी घरून न्या. डब्यात ताजं ताक, नाचणीची आंबील, कलिंगडाच्या फोडी चालतील. शुगर असेल तर रस तसाही नको. उलट्या-जुलाब झाले तर ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच घाला. अर्धी पुडी अंदाजानं ग्लासात ढवळायची नाही.

तासगावची लेक
सिस्टर, तुमचं लिहिलेलं आज्जीला वाचून दाखवलं. उकळलेल्या पाण्याचं ऐकून खूश झाली, बाकीचं "दवाखान्यातल्या बायका असंच बोलत्यात" म्हणाली. पण मोठा तांब्या आलाय. आता शेगडीचं काय करू? दार-खिडकी लावून कोळसे पेटवते.

मिरजेची सिस्टर
ती आजच बाहेर काढ. बंद खोलीत कोळशाचा वायू कोंडतो, त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातं. आज्जी ऐकत नसेल तर आईला पुढं घाल, यात गुपचूप काही नको. शेक हवाच असेल तर अंगणात घे, बाळ आत ठेवून. एप्रिलमध्ये बाळाला ऊब द्यायला सुती दुपटं पुरतं.