व्ही-स्ट्रॉम 650 की व्हर्सिस 650? चालवणाऱ्यांनी सविस्तर अनुभव लिहा

लांबच्या प्रवासासाठी मध्यम ताकदीची गाडी बघायला लागलं की फिरून फिरून दोन नावं समोर येतात: सुझुकीची व्ही-स्ट्रॉम 650 आणि कावासाकीची व्हर्सिस 650. कागदावर दोघी इतक्या जवळ आहेत की तक्ता वाचून काहीच ठरत नाही. एकीचं इंजिन 645 सीसी, दुसरीचं 649. दोघींना दोन सिलिंडर, सहा गिअर, चेन, ताकद 70 हॉर्सपॉवरच्या आसपास. टाकी 20 आणि 21 लिटरची. सीटची उंची 835 आणि 840 मिलिमीटर. टाकी फुल असताना वजन दोघींचं 215 किलोच्या मागेपुढे.

खरा फरक या आकड्यांत नाही, तो चालवताना कळणार. आम्ही डबलसीट फिरतो. चालवणार मी, मागे नवरा आणि दोन बाजूंना बॅगा. रस्ते बहुतेक डांबरी, पण मुक्कामाआधीचा शेवटचा टप्पा बऱ्याचदा खडीचा किंवा उखडलेला असतो. ज्यांनी यातली एखादी गाडी भरपूर वापरली आहे त्यांनी लिहा. "मस्त आहे, घेऊन टाका" एवढ्यावर थांबू नका. कुठल्या रस्त्यावर, किती वजन घेऊन, काय जाणवलं ते हवंय.

*

माझ्याकडे व्ही-स्ट्रॉम आहे, 2017 मध्ये बदललेलं मॉडेल, तारांच्या चाकांचं एक्सटी. तुमच्या शेवटच्या टप्प्याबद्दल वाचलं म्हणून आधी पुढच्या चाकाचंच लिहितो. व्ही-स्ट्रॉमचं पुढचं चाक 19 इंची, व्हर्सिसचं 17 इंची. मागची दोन्ही 17. माझ्या मते या दोन गाड्यांमधला सगळ्यात मोठा फरक हाच.

खड्ड्याची कड किंवा रस्त्यात आलेला दगड मोठ्या चाकाला कमी उभा लागतो. चाक त्यावर चढून जातं, आदळत नाही. खडीवर पुढचं टोक थोडं इकडेतिकडे होतं, पण हँडल घट्ट न धरता सोडलं तर गाडी आपली आपण सरळ होते. डबलसीट असताना हे फार महत्त्वाचं, कारण मागचा माणूस घाबरून हलला की त्याचं वजन हँडलपर्यंत येतं.

इंजिन 90 अंशाचं व्ही-ट्विन, म्हणजे दोन सिलिंडर इंग्रजी व्ही सारखे कोनात बसवलेले. सुझुकीच्या एसव्ही650 मधून आलेलं, आणि 2004 मध्ये पहिली व्ही-स्ट्रॉम 650 आली तेव्हापासून मूळ ढाचा तोच. या कोनामुळे दोन पिस्टनचे मुख्य धक्के एकमेकांना खूपसे मारून टाकतात, म्हणून दिवसभर एका वेगात चालवलं तरी हाताला मुंग्या येत नाहीत. 2017 पासून क्लच सोडताना आरपीएम किंचित वर धरणारी सोयही आहे. चढावर, भरलेल्या गाडीवर, वळून निघायचं असेल तेव्हा तिचं मोल कळतं.

एक मात्र नक्की करा. या गाडीचा ऑइल फिल्टर आणि सायलेन्सरचा पाइप इंजिनाच्या पुढे उघड्यावर आहेत. खडीवर जाणार असाल तर खाली जाड पत्रा बसवल्याशिवाय जाऊ नका. पुढच्या मडगार्डला खालून जोडायची पट्टी मिळते, तीही लावा. रेडिएटरवर उडणारी खडी बरीच कमी होते.

*

मी व्हर्सिसवाला. वर जे पुढच्या चाकाबद्दल लिहिलंय ते पटतं, पण त्याची दुसरी बाजू सांगायलाच हवी. तुमचे बहुतेक रस्ते डांबरी आहेत ना? मग घाटात ही गाडी एकदा चालवून बघा.

17 इंची चाक वळणात पटकन पडतं आणि पटकन उठतं. एकामागून एक उलटसुलट वळणं आली की व्हर्सिस नुसत्या नजरेच्या इशाऱ्यावर जाते असं वाटतं. पुढचे फोर्क (चाक धरून धक्के झेलणाऱ्या दोन नळ्या) उलट्या बांधणीचे आहेत आणि 2015 नंतरच्या मॉडेलांत एका नळीवर स्प्रिंगचा ताण, दुसरीवर परतीचा वेग सेट करता येतो. व्ही-स्ट्रॉमला पुढे फक्त स्प्रिंगचा ताण. ब्रेक मारत वळणात शिरणाऱ्याला हा फरक लगेच कळतो.

टायरचंही तेच. 120/70 आणि 160/60 या मापांत रस्त्याचे टायर एवढे प्रकारचे मिळतात की निवड करताना वेळ लागतो. पावसात चिकटून धरणारे, जास्त चालणारे, मधले, सगळे. उलट खडीचे, खोल नक्षीचे टायर हवे असतील तर 19 इंची चाकालाच पर्याय जास्त. म्हणजे तुम्ही कुठला टायर लावणार हे आधी ठरवलंत तर गाडी अर्धी ठरली.

इंजिन पॅरलल ट्विन, म्हणजे दोन सिलिंडर शेजारी शेजारी, कावासाकीच्या निन्जा 650 च्याच घरातलं, पण खालच्या आणि मधल्या आरपीएमला जोर मिळावा म्हणून वेगळं जुळवलेलं. मधल्या आरपीएमला पायाला आणि हँडलला बारीक थरथर जाणवते, हे खरं. मी हँडलची टोकं वजनदार घातली आणि ग्रिप बदलल्या, आता लक्षातही येत नाही. त्याच्यावर गेली की ज्या आवाजात आणि ज्या जोमात ती ओढते, त्यासाठी मी ही थरथर आनंदाने घेतो.

*

माझी उंची पाच फूट तीन इंच. सीटच्या उंचीत पाच मिलिमीटरचा फरक बघून निर्णय घेऊ नका ताई, तो आकडा काही सांगत नाही. पाय टेकतो की नाही हे सीट पुढे किती निमुळती आहे आणि स्प्रिंग तुमच्या वजनाने किती दबते यावर ठरतं. मला व्ही-स्ट्रॉमवर दोन्ही पायांचे चवडे टेकतात, व्हर्सिसवर एक चवडा आणि दुसऱ्या पायाची बोटं. तुमचं वेगळं असेल.

बघताना रस्त्यावर घालता तेच बूट घाला आणि मागे नवऱ्याला बसवा. गाडी खाली बसते, पाय आणखी टेकतात. पण वजन कलल्यावर सावरायला लागणारी ताकदही तेव्हाच कळते. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर बसून समाधान मानू नका. उतारावर, एका बाजूला कललेल्या रस्त्यावर उभी करून बघा.

*

मी दोन्ही गाड्यांवर मागे बसले आहे, चालवत नाही. मागच्या माणसाचं कुणी विचारत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय.

व्ही-स्ट्रॉमची मागची जागा रुंद आणि सपाट वाटली, मांड्यांना आधार मिळाला. व्हर्सिसवर गुडघे जरा जास्त दुमडले गेले आणि ब्रेक लागला की पुढे घसरायला होत होतं. टॉप बॉक्सला पाठ टेकायची गादी लावल्यावर दोन्हीकडे चांगलं झालं. तुमच्या नवऱ्याचे पाय लांब असतील तर फूटरेस्ट आणि सीट यांच्यातलं अंतर हाच पहिला मुद्दा धरा. आणि बॅगा लावून बसा! बॅगेची पुढची कड पोटरीला लागते की नाही हे बिनबॅगेच्या गाडीवर कळूच शकत नाही.

*

वाऱ्याचं कुणी लिहिलं नाही अजून. लांबच्या प्रवासात माणूस दमतो तो बऱ्याचदा हेल्मेटभोवतीच्या घोंघावण्याने, इंजिनाने नाही.

काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेली हवा सरळ जात नाही, तिचे भोवरे होतात. हेल्मेट त्या भोवऱ्यात सापडलं की डोकं थरथरतं आणि आवाज वाढतो. तुमच्या उंचीला हे होतंय का, ते असं तपासा: मोकळ्या सरळ रस्त्यावर, स्थिर वेगात, फूटरेस्टवर थोडं उठा. डोकं वर गेल्यावर आवाज एकदम स्वच्छ झाला तर भोवरा खाली आहे. मग जास्त उंच काच घेऊन उपयोग होईलच असं नाही, कधीकधी आखूड काचच शांत असते. थोडं वाकल्यावर शांत झालं तर मात्र काच उंच हवी.

व्हर्सिसच्या 2015 नंतरच्या मॉडेलांत काच हाताने वरखाली करता येते, त्यामुळे हा शोध एका दुपारीत लागतो. व्ही-स्ट्रॉमची काच तीन जागी बसते, पण स्क्रू काढून. टेस्ट राइडला जाताना षटकोनी पान्यांचा संच खिशात ठेवा आणि काच बदलून बघू देतात का, विचारा. स्वतःचं हेल्मेट घालूनच जा, दुसऱ्याच्या हेल्मेटवर केलेली ही चाचणी फुकट जाते.

*

सर्व्हिसिंगचं मी लिहितो, कारण दोन्ही इंजिनं माझ्या हातून उघडली गेली आहेत.

तेल, फिल्टर, चेन, ब्रेक पॅड यांत काही वेगळं नाही. वेगळं आहे ते टॅपेट तपासणं, म्हणजे इंजिनाच्या झडपा आणि त्या उघडणारा कॅमशाफ्ट यांच्यातली फट (गॅप) मोजणं. दोन्ही गाड्यांत बकेटखाली (झडपेवरच्या वाटीखाली) शिम, म्हणजे ठरावीक जाडीच्या चकत्या आहेत. म्हणजे गॅप चुकला तर स्क्रू फिरवून भागत नाही, कॅमशाफ्ट काढून योग्य जाडीची शिम घालावी लागते. पॅरलल ट्विनमध्ये एकच हेड (सिलिंडरवरचं झाकण), दोन कॅमशाफ्ट. टाकी उचलली की सगळं समोर. व्ही-ट्विनमध्ये दोन हेड, चार कॅमशाफ्ट. मागच्या सिलिंडरसाठी टाकी आणि एअर फिल्टरचा डबा काढा, पुढच्यासाठी रेडिएटर हलवा. काम अवघड नाही, पण वेळ जवळजवळ दुप्पट, आणि मजुरी वेळेवर असते. व्ही-स्ट्रॉमची ही तपासणी 24,000 किलोमीटरला येते. व्हर्सिसला ती कधी येते ते ज्या सालचं मॉडेल घ्याल त्याच्याच मॅन्युअलमध्ये बघा.

आता यावरून व्ही-स्ट्रॉम नाकारू नका. ही दोन्ही इंजिनं वेळेवर तेल मिळालं तर फार चालतात. जुनी घेणार असाल तर मीटरवरच्या आकड्यापेक्षा ही तपासणी झाल्याची नोंद आहे का, ते विचारा. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवा. मध्यावर खट्ट करून अडकलं तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेलेत. मागच्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला झुकलेले दिसले तर चेनसकट संच बदलायचा खर्च धरा.

*

आधी व्हर्सिस, आता व्ही-स्ट्रॉम, आणि दोन्ही कायम डबलसीट. वरचं सगळं वाचून एक गोष्ट राहिली असं वाटतं, ती म्हणजे मागच्या शॉकचं सेटिंग. गाडी खराब आहे असं ज्यांना वाटतं त्यातले कितीतरी जण एकट्यासाठीच्या सेटिंगवर दोघं आणि सामान घेऊन फिरत असतात. मागचं टोक बसतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो, वळणात गाडी बाहेर पळते, आणि दोष गाडीला.

दोन्ही गाड्यांना मागच्या स्प्रिंगचा ताण हाताने फिरवायची मूठ आहे (व्हर्सिसला 2015 नंतरच्या मॉडेलांत). मी काय करतो ते सांगतो. गाडी उचलून मागचं चाक हवेत ठेवायचं, ॲक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत टेपने अंतर मोजायचं. मग बॅगा लावून दोघांनी बसायचं आणि तिसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजायचं. दोन्हींतला फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा यायला हवा. व्ही-स्ट्रॉमची मागची हालचाल 160 मिलिमीटरच्या आसपास आहे, व्हर्सिसची 145. म्हणजे दोन्हीकडे 50 च्या जवळपास. जास्त दबत असेल तर मूठ फिरवत जा. पूर्ण फिरवूनही दबतच असेल तर तुमच्या वजनाला स्प्रिंगच मऊ आहे, ती बदलायला हवी.

आणि मॅन्युअलमधली कमाल भारक्षमता वाचा. त्यात तुम्ही, नवरा, कपडे, बूट, हेल्मेट, बॅगा आणि बॅगांचे रॅक सगळं धरलेलं असतं. रिकाम्या लोखंडी पेट्याच केवढं वजन खातात!

मी व्ही-स्ट्रॉमकडे का वळलो? आमचे रस्ते बदलले. पूर्वी घाट आणि हायवे होता, तेव्हा व्हर्सिसने जो आनंद दिला तो व्ही-स्ट्रॉम देत नाही, हे मी आजही म्हणतो. आता कच्चे रस्ते वाढले. पण "ॲडव्हेंचर" म्हणतात म्हणून फसू नका, जमिनीपासूनची उंची दोघींची 170 मिलिमीटरच आहे आणि दोघींचं एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारी सोय) बंद करता येत नाही. खडीच्या उतारावर मागचा ब्रेक सोडत-धरत राहतो, त्याची सवय करावी लागते. तुमचा शेवटचा टप्पा उखडलेला पण घट्ट असेल तर व्हर्सिसही सावकाश पार करते. सुटी खडी आणि चिखल असेल तर मी 19 इंची चाकाच्याच बाजूने मत देईन.

*

सगळ्यांचे खूप आभार. हेल्मेट, बूट, बॅगा, टेप, सगळं घेऊन आणि नवऱ्याला मागे बसवूनच दोन्ही चालवून बघणार. आमचा शेवटचा टप्पा सुट्या खडीचाच असतो, त्यामुळे मन आता व्ही-स्ट्रॉमकडे झुकतंय. एक शंका राहिली. मेन स्टँड नसलेल्या गाडीचं मागचं चाक आडरस्त्यात पंक्चर झालं तर भरलेली गाडी उचलायची कशी?

*

उचलावी लागतच नाही. दोन्ही गाड्यांचे टायर ट्यूबलेस, एक्सटीची तारांची चाकंसुद्धा. बॅगा उतरवा, गाडी साइड स्टँडवर घ्या आणि ढकलत खिळा हाताला येईल अशा जागी आणा. पक्कडीने खिळा उपटा, भोकात कानस फिरवून ते खरखरीत करा, गोंद लावलेली दोरी सुईने अर्धी आत ढकला आणि सुई झटक्यात बाहेर ओढा. वरचं शेपूट कापा, बॅटरीवर चालणाऱ्या पंपाने हवा भरा, भोकावर थुंकी लावून बुडबुडे येतात का बघा. हे फक्त टायरच्या मधल्या पट्ट्यात चालतं. बाजूची भिंत फाटली असेल तर दोरी टिकत नाही, तिथे गाडी उचलून नेणारी सोय बोलवावी लागते. दोरी लावलेल्या टायरवर डबलसीट वेगात जाऊ नका, पहिल्या दुकानात आतून पॅच मारून घ्या. मेन स्टँड दोन्हींना बाहेरून बसवून मिळतो, आणि चेन साफ करायला म्हणून तरी तो घ्याच.