मदत हवी आहे : बुलबुलाच्या घरट्यातला नायलॉनचा दोरा, अडकणारे जुने रीळ आणि तारीख विसरणारा कॅमेरा

नमस्कार मंडळी,

माझे घर रावेर तालुक्यात, तापीपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. हतनूर धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागे अडलेल्या पाण्याच्या काठी, गळ टाकून बसणे हा माझा जुना नाद असून, तेथील मासेमारीचा ठेका ज्या सहकारी संस्थेकडे आहे तिच्या परवानगीनेच मी तो जपतो. मला तीन गोष्टींबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. त्या वरवर वेगळ्या दिसल्या तरी माझ्यापुरत्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून एकाच धाग्यात लिहीत आहे. पहिला प्रश्न तातडीचा आहे. ज्यांना वेळ कमी असेल त्यांनी निदान तेवढा तरी वाचून उत्तर द्यावे, ही विनंती.

अंगणाच्या कुंपणाला लागून असलेल्या बोगनवेलीत, साधारण छातीच्या उंचीवर, लालबुड्या बुलबुलाच्या जोडीने घरटे केले आहे. वाटीएवढे ते घरटे बारीक काटक्या, केळीच्या खोडाचे वाळलेले तंतू आणि कोळ्याची जाळी यांनी बांधलेले आहे. गुलाबीसर पांढऱ्या रंगावर तांबूस ठिपके असलेली तीन अंडी त्यात होती. आता तिन्ही पिल्ले बाहेर आली असून त्यांचे डोळे अजून मिटलेले आहेत. घरट्याच्या काठातून पारदर्शक नायलॉनचा एक दोरा दोनदा आत-बाहेर गेलेला आहे. त्याचे एक टोक वीतभर खाली लोंबून बोगनवेलीच्या काट्याला अडकले आहे, तर दुसऱ्या बाजूला त्याचा एक फास काठाच्या वर, आतल्या अंगाला उभा राहिला आहे. आई-बापांपैकी कोणीही चारा घेऊन आले की त्याचे पाऊल नेमके या फासाशेजारी पडते. काल सकाळी एकाचे नख त्यात अडकले आणि झटका देऊन सुटले, तेव्हा सारे घरटे हलले.

पिल्लू वाढत जाते तसा पायाभोवतीचा दोरा आवळत जातो. फुगवट्याच्या काठी बाभळीच्या फांदीला तुटक्या दोऱ्याने लटकलेला एक गायबगळा आम्ही काही जणांनी मिळून सोडवला होता, त्याच्या पायाचे कातडे पार हाडापर्यंत कापले गेले होते. त्यामुळे जे होईल ते पाहत स्वस्थ बसण्याची माझी तयारी नाही, आणि उगाच हात घालून पिल्लांचे नुकसान करण्याचीही नाही.

हा दोरा आला कोठून, याचाही मी विचार केला. माझ्या रिळावरचा दोरा हिरवट आहे, त्यामुळे तो माझा नव्हे. आमच्या भागात केळीचे घड तोलून धरण्यासाठी प्लास्टिकची दोरी सर्रास वापरतात, परंतु ती चपटी असते आणि उन्हाने तिच्या लवकरच चिंध्या होतात. संक्रांतीचा नायलॉन मांजा असण्याची शक्यता आहे. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै 2017 मध्ये देशभर बंदी घातल्यानंतरही तो झाडाझाडांवर लोंबताना दिसतो. तरीही या दोऱ्याला जे पक्के वेटोळे पडलेले आहे, ते पाहता तो कोणाच्या तरी रिळावरून तुटलेला गळाचा दोराच असावा, असे माझे मत आहे.

माझे प्रश्न असे. पिल्ले घरट्यात असताना हा दोरा कापावा का? कापायचा असल्यास कोणत्या वेळी, कशाने आणि किती? माणसाचा हात लागला की पक्षी पिल्ले टाकून देतात, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात, त्यात तथ्य किती? घरट्याला हात लावणे कायद्याच्या दृष्टीने कितपत योग्य, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

दुसरा प्रश्न रिळाचा. माझे स्पिनिंग रीळ तीस वर्षांपूर्वीचे, पूर्ण धातूच्या अंगाचे आहे. मामांनी मुंबईहून आणलेले हे रीळ आजही रोहू ओढताना कुरकुरत नाही. बिघाड आहे तो लाईन रोलरमध्ये, म्हणजे तारेच्या कमानीच्या टोकाशी असलेल्या आणि दोरा ज्यावरून वळून स्पूलवर (दोरा गुंडाळला जातो त्या फिरकीवर) जातो त्या छोट्या चाकात. ते जाम झाले आहे आणि दोरा एकाच जागी घासून त्यावर बारीक खाच पडली आहे. परिणामी दोऱ्याला पीळ बसतो, चार-दोन वेळा गळ फेकला की स्पूलवरून एकदम वेटोळी सुटतात आणि असा गुंता होतो की कापण्यावाचून गत्यंतर उरत नाही. कापलेला दोरा मी खिशात घालून घरी आणतो. काठावर मात्र अशी गुंतवळे जागोजागी पडलेली असतात. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या आणि वारकरी हे पाणपक्षी जेथे चरतात त्याच उथळ पाण्यात ती वाहत जातात, हे पाहून फार वाईट वाटते. या रिळाचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. दुकानदार नवे रीळ घ्या म्हणतात, परंतु एका चण्याएवढ्या चाकासाठी एवढे दणकट यंत्र भंगारात टाकणे मला पटत नाही. हे चाक दुरुस्त होईल का, किंवा करून मिळेल का?

तिसरा प्रश्न थोडक्यात मांडतो. घरट्याजवळ वारंवार जावे लागू नये म्हणून मी ओसरीतून जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या झूमने पाहतो. बॅटरी काढली की हा कॅमेरा तारीख आणि वेळ विसरतो, त्यामुळे कोणता फोटो कोणत्या दिवसाचा हे कळत नाही. पिल्लांच्या वयाचा हिशेब ठेवायचा तर तारीख हवीच. शिवाय त्याची मूळ बॅटरी मधोमध किंचित फुगली आहे. ती वापरत राहावी का?

प्रतिसाद १

भाऊ, आधी घरट्याचे सांगतो, कारण त्यात दिवस मोजके आहेत. बुलबुलाची पिल्ले साधारण दोन आठवड्यांच्या आतच घरटे सोडतात. डोळे मिटलेले असताना ती जागची हलत नाहीत, म्हणून जे करायचे ते याच काळात केलेले बरे. अंगावर पिसे भरल्यानंतर घरट्याजवळ हात नेला तर ती भीतीने वेळेआधीच उडी मारतात आणि जमिनीवर मांजराच्या तोंडी पडतात.

हात लागला म्हणून पक्षी पिल्ले टाकतात, ही समजूत बहुतांशी खरी नाही. खरा धोका आपल्या येरझाऱ्यांचा आहे, कारण आपण जेथे पुन्हा पुन्हा जातो तेथे कावळा आणि भारद्वाज यांची नजर वळते, आणि भारद्वाज घरट्यातील पिल्ले खातो. त्यामुळे एकदाच जावे आणि मिनिटभरात परत फिरावे. वेळ सकाळची, ऊन चढण्यापूर्वीची निवडावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44–45 अंशांवर जातो, आणि दुपारी आई-बाप सावली धरायला नसतील तर उघडी पिल्ले थोड्याच वेळात उष्णतेने मरू शकतात. एकाने ओसरीतून लक्ष ठेवावे आणि जोडीतील दोघेही चारा आणायला गेले की खूण करावी.

लहान बाळाची नखे कापतो ती बोथट टोकाची कात्री घ्यावी. काठावर उभा असलेला फास दोन्ही मुळांशी कापून तेवढाच तुकडा उचलावा, त्यानंतर काट्याला अडकलेले लोंबते टोक कापावे. विणीत गेलेला दोरा मुळीच ओढू नये, कारण बुलबुलाचे घरटे सैल असते आणि एक दोरा ओढला की अख्खी कड उसवते. विणीत घट्ट बसलेला तुकडा आतच राहू द्यावा, तो पायात अडकण्याचा संभव कमी. घरटे दुसऱ्या फांदीवर हलवण्याचा विचारही करू नये.

कायद्याबाबत बोलायचे तर वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार संरक्षित पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना इजा पोहोचवणे हा गुन्हा आहे. म्हणून कात्री हातात घेण्यापूर्वी वन विभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर परिस्थिती सांगून त्यांचे म्हणणे विचारून घ्यावे. एखाद्या पिल्लाच्या पायाला दोरा आधीच आवळलेला असेल आणि पाय सुजलेला दिसत असेल, तर मात्र स्वतः काहीही न करता त्यांनाच बोलवावे.

प्रतिसाद २

नमस्कार काका. मी भुसावळला राहतो आणि जुनी रिळे दुरुस्त करण्याची मला आवड आहे.

रोलर बहुधा फक्त वाळलेल्या ग्रीसने धरला असेल. त्याचा स्क्रू काढताना खाली पांढरे कापड अंथरा आणि प्रत्येक भाग निघाला त्या क्रमाने मांडून त्याचा मोबाईलवर फोटो घ्या, कारण आतील पातळ वॉशर उलटसुलट बसला तर चाक पुन्हा जाम होते. सर्व भाग रात्रभर रॉकेलमध्ये भिजत ठेवून जुन्या दातांच्या ब्रशने घासा, कोरडे करा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. येथे जाड ग्रीस भरू नका, ते धूळ धरते.

खाच मात्र साफसफाईने जाणार नाही. नखाने चाचपून खाच लागत असेल तर ते चाक दोरा कापतच राहील. अशा वेळी लेथवर काम करणाऱ्या कारागिराकडे जुने चाक नमुना म्हणून द्यावे आणि पितळेचे नवे चाक करून घ्यावे. भुसावळ आणि जळगाव येथे असे कारागीर आहेत. पितळ स्टीलपेक्षा मऊ असते, त्यामुळे काही वर्षांनी तेही झिजेल, परंतु तोपर्यंत रीळ उत्तम चालेल. चाकाचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत करून मागा.

पीळ बसण्याचे आणखी एक कारण तपासून पाहा. मोठा मासा दोरा ओढून नेत असताना आणि ड्रॅग (ताण वाढला की स्पूल सरकू देणारा रिळातला ब्रेक) घसरत असताना आपण हँडल फिरवत राहिलो, तर दोरा आत येत नाही, त्याला नुसता पीळ पडतो. रिळाचे गुणोत्तर 5:1 असेल, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात तारेची कमान पाच वेळा फिरत असेल, तर एका फेऱ्याला पाच पीळ. मासा ओढत असेल तेव्हा हँडल थांबवावे, रॉड उचलून त्याला वळवावे आणि रॉड खाली आणतानाच दोरा गुंडाळावा. सध्या बसलेला पीळ काढण्यासाठी गळ आणि शिसे दोन्ही काढून नुसता दोरा वाहत्या पाण्यात लांबवर सोडावा आणि बोटांच्या चिमटीत हलका ताण ठेवून परत गुंडाळावा. दोरा एका उन्हाळ्यापेक्षा जुना असल्यास सरळ बदलावा, कारण नायलॉन आपल्याकडच्या उन्हात लवकर ठिसूळ होतो.

काढलेला दोरा जाळू नये, नायलॉनचा धूर विषारी असतो. बोटाएवढे तुकडे करून झाकणाच्या बाटलीत भरावेत आणि बाटली भरली की झाकण लावून कचऱ्यात द्यावी. लांब दोरा तसाच टाकला तर तो कचरा डेपोवरच्या घारी-बगळ्यांच्या पायात जातो.

फुगलेली बॅटरी आजच काढून ठेवा. ती चार्ज करू नका, टोचू नका, दाबून सपाट करू नका, आणि इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्यांकडे द्या. तारीख जपण्यासाठी कॅमेऱ्याच्या आत एक छोटा वेगळा सेल असतो, तो मुख्य बॅटरीवरच चार्ज होतो. नवी बॅटरी पूर्ण भरून दिवसभर कॅमेऱ्यात तशीच राहू द्या, पुष्कळदा तेवढ्याने काम होते. सेल पूर्ण निकामी झालेला असल्यास रोजचा पहिला फोटो मोबाईलच्या पडद्यावरील तारखेचा आणि वेळेचा घ्यावा, म्हणजे पुढील सर्व फोटोंचा हिशेब नंतर लावता येतो.

मूळ धागालेखक

आपणा दोघांचे मनापासून आभार. 1926 वर बोललो. समोरच्या व्यक्तीने सर्व ऐकून घेतले, पिल्लांचे पाय मोकळे आहेत ना हे विचारले आणि उघडा फास तेवढा कापण्यास हरकत नसल्याचे सांगितले. त्यानुसार आज सकाळी ऊन येण्यापूर्वी फास आणि लोंबते टोक कापले. विणीतला दोरा आहे तसा ठेवला आहे. ओसरीत परत येऊन पाहतो तो जोडीपैकी एक पक्षी चोचीत अळी घेऊन घरट्यावर हजर होता. तिन्ही पिल्लांनी चोची उघडल्या. दोराही हातात घेऊन पाहिला. तो गुळगुळीत आहे, मांज्यासारखा खरखरीत नाही आणि एका टोकाला गळाची गाठ तशीच आहे, म्हणजे तो काठावरूनच आलेला आहे.

म्हणून आता एक पुढचा प्रश्न विचारतो. फुगवट्यावर जेथे आम्ही मंडळी बसतो तेथे तुटका दोरा टाकण्यासाठी पीव्हीसी पाईपचा हातभर तुकडा, खालचे तोंड बंद करून, खांबाला बांधावा असे माझ्या मनात आहे. संस्थेच्या अध्यक्षांनी होकार दिला आहे आणि भोई मंडळींपैकी दोघांनी तो वेळोवेळी रिकामा करण्याची जबाबदारी घेतली आहे. अडचण एवढीच की उघड्या पाईपमध्ये सरडे आणि लहान पक्षी उतरून अडकतील, अशी मला भीती वाटते. वरच्या तोंडाला कोपर (पाईपचा वळणाचा जोड) बसवून ते खाली वळवावे की रबराच्या पट्टीला चीर देऊन त्याचे झाकण करावे? कोणी असे प्रत्यक्ष बसवले असल्यास पाईपचा व्यास किती ठेवला, तेही कृपया लिहावे. पावसाळ्यात धरणाचे 41 दरवाजे उघडझाप होऊ लागले की पाणी कमी-जास्त होते, तेव्हा खांब कोणत्या उंचीवर रोवावा याचा अंदाज मी संस्थेकडून घेत आहे.

भुसावळच्या भाऊंना विनंती की त्यांनी लेथवाल्याला चाकाचे कोणते माप सांगावे लागेल ते कळवावे. जुने चाक खोलले आहे. खाच नखाला स्पष्ट लागते, तेव्हा नवेच करावे लागणार. आतले भोक गोल न राहता एका बाजूला लांबट झाले आहे, म्हणून नुसता नमुना देऊन भागेल असे वाटत नाही. ज्या दांड्यावर ते फिरते त्या दांड्याचेच माप घेऊन द्यावे का?